लांबच्या सायकल टूरला आपल्या चाकाच्या तारा आपल्याजवळच हव्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी सुरू झाली की कोकण किनाऱ्याने सायकलवर जाणाऱ्यांची गर्दी वाढते, आणि त्यांच्यासाठी तुमच्या रविवारच्या पुरवणीत जो लेख आला तो मला मनापासून आवडला. फेरीबोटींच्या वेळा आधी विचारून घ्या, खाडीपासून सड्यावर चढणारे चढ उन्हाच्या आधी उरका, हे सगळं अनुभवी माणसाने लिहिलेलं आहे हे कळतं. पण सोबत काय न्यायचं त्या चौकटीत पंप, दोन ट्यूब, पंक्चर किट, सनस्क्रीन, पॉवरबँक एवढंच आहे, आणि चाकाच्या तारांचा, म्हणजे स्पोकचा, एका अक्षराने उल्लेख नाही. तो राहून गेलाय म्हणून हे पत्र. तुमचा लेख वाचून निघणाऱ्यांपैकी कोणाची तरी टूर यावाचून अर्ध्यात मोडेल याची मला खरंच काळजी वाटते.

आमची मोडली होती. डिसेंबर २०१७ ची गोष्ट, आम्ही चौघं अलिबागहून निघालो होतो, दिघी, वेश्वी, दाभोळ असं करत गुहागरला मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी वेळणेश्वर सोडून हेदवीकडे उतारावर असताना माझ्या मित्राच्या मागच्या चाकातून टण्ण असा आवाज आला. दगड उडाला असेल असं वाटलं. शंभर फूट जाईपर्यंत चाक डुलायला लागलं आणि ब्रेकला घासायला लागलं, थांबून बघितलं तर चेनच्या बाजूची एक तार हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, तिचा जिथे वाक असतो तिथेच, तुटलेली. आमच्याकडे पंक्चरची तीन किटं होती, तार एकही नाही. पुढच्या वाडीत एक म्हातारे मिस्त्री भेटले, त्यांनी माळ्यावरून काळ्या सायकलच्या तारांची जुडी काढली, पण ती तार जाड, आमच्या निपलमध्ये, म्हणजे तार रिमला पकडून ठेवणाऱ्या छोट्या नटमध्ये, जाईना, आणि लांबीही जुळेना. त्यांना फार वाईट वाटलं, एक पैसा घेतला नाही, चहा दिला. मग ब्रेक मोकळा करून, मित्राचं सामान आम्ही तिघांनी वाटून घेऊन हळूहळू निघालो, तर तवसाळच्या जेट्टीच्या आधी शेजारची दुसरी तार गेली आणि टायर फ्रेमलाच टेकलं. खाडी फेरीने ओलांडली आणि जयगडहून सायकल टेम्पोत टाकून रत्नागिरीला नेली. तिथे २६ इंची चाकाच्या तारा होत्या, आमच्या ७०० सी मापाच्या चाकाच्या नव्हत्या. पुण्याहून बसच्या पार्सलने मागवाव्या लागल्या, दीड दिवस गेला, सुट्टी संपली, आणि मित्र तिथूनच घरी परतला. वर्षभर ज्या प्रवासाची वाट बघितली तो एका तारेपायी गेला, आणि अशी तार वजनाला जेमतेम सहा-सात ग्रॅम असते.

टूरला निघायच्या आधी त्याने जिथून सायकल घेतली तिथे तारा मागितल्या होत्या हेही सांगतो. "आता तारा कुठे तुटतात सर" असं उत्तर मिळालं आणि आम्ही ते मान्य केलं.

तारा तुटतात, आणि का तुटतात ते समजून घेतलं तर नंतरचं सगळं सोपं जातं. मागच्या चाकात उजवीकडे गिअरच्या चक्र्यांसाठी जागा सोडावी लागते म्हणून त्या बाजूच्या तारा जास्त उभ्या आणि जास्त ताणलेल्या असतात, चांगल्या चाकात एकेका तारेवर साधारण १०० ते १२० किलोचा ताण असतो, डाव्या बाजूला त्याहून बराच कमी. आता चाक फिरताना जी तार जमिनीकडे येते तिचा ताण क्षणभर कमी होतो आणि ती वर गेली की परत वाढतो. ७०० सी चं चाक किलोमीटरला साधारण ४६० वेळा फिरतं, म्हणजे १०० किलोमीटरच्या एका दिवसात प्रत्येक तार ४६ हजार वेळा ढिली-ताठ, ढिली-ताठ होते. एखादी लोखंडी तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवली की कधीतरी तुटतेच तसंच हे आहे, फक्त फार सावकाश. त्यात मागे १५ किलोच्या बॅगा, आपलं वजन, आणि कोकणातल्या गावागावातले स्पीडब्रेकर. लोकांना वाटतं आवळलेली तार तुटते, पण ढिली राहिलेली तार जास्त लवकर तुटते, कारण तिला हे हेलकावे जास्त बसतात. म्हणून नवीन सायकलचं चाक पहिल्या काही शे किलोमीटरनंतर एकदा जाणत्या मिस्त्रीकडून आऊट काढून, म्हणजे डुलणारं चाक सरळ करून, ताण तपासून घ्यायलाच हवं. घरी तपासायची पद्धत तर लहान मुलालाही जमेल, चाक फिरवत एका बाजूच्या तारा बोटाने छेडायच्या, तंबोरा जुळवताना ऐकतो तसं ऐकायचं, सगळ्यांचा सूर जवळपास सारखा यायला हवा, जी भद्द वाजते ती ढिली.

आता सोबत काय न्यायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तारा आपल्याच चाकाच्या मापाच्या हव्यात, दुकानात मिळाल्या त्या चार उचलल्या असं करून भागत नाही. मागच्या चाकाच्या उजव्या आणि डाव्या तारांची लांबी वेगळी असते, माझ्या सायकलला उजवीकडे २९२ आणि डावीकडे २९४ मिलिमीटर आहे, पुढच्याची आणखी वेगळी. माप घेताना वाकाच्या आतल्या बाजूपासून आट्याच्या टोकापर्यंत घ्यायचं. दोन-तीन मिलिमीटरने काय होतंय असं म्हणू नका, लांब तार निपलमधून वर येऊन ट्यूबला टोचू शकते आणि आखूड तार पुरेसे आटे पकडत नाही. मी उजवीकडच्या दोन, डावीकडची एक आणि पुढची एक अशा चार तारा नेतो, चार निपल, आणि निपलचा पाना. हा पाना आपल्या निपलवर घट्ट बसतो ना ते घरीच बघायचं, कारण त्याच्यात ३.२३, ३.३, ३.४५ मिलिमीटर अशी अगदी जवळजवळची मापं येतात आणि सैल पान्याने निपलचे कोपरे झिजले की मग कोणीच काही करू शकत नाही.

तारा ठेवायच्या कुठे, तर जुन्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळून सीटच्या दांड्याच्या आत, म्हणजे खडखडत नाहीत, नाहीतर मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या डाव्या नळीला चिकटपट्टीने बांधायच्या, डाव्याच, उजवीकडे चेन लागते. काही टूरिंग सायकलींना त्या नळीवर तारा ठेवायला खाच मुद्दाम दिलेली असते. बॅगेत मात्र टाकू नका, वाकतात.

खरी अडचण पुढेच आहे. बहुतेक वेळा तुटते ती चेनच्या बाजूची, आणि तिथे नवीन तार घालायला कॅसेट, म्हणजे गिअरच्या चक्र्यांचा संच, काढावी लागते. त्यासाठी दोन मोठे पाने लागतात जे टूरवर कोणी नेत नाही, आणि स्वस्त सायकलींना कॅसेटऐवजी हबच्या आट्यांवर बसणारं फ्रीव्हील असतं, ते पेडल मारून मारून असं आवळलेलं असतं की रस्त्यात सुटणं कठीण. यावर तीन उपाय मला माहीत आहेत. एक, बोटाएवढा छोटा पाना मिळतो, तो फ्रेमला टेकवून चेननेच जोर देऊन कॅसेटचं लॉक सोडवतात. दुसरा, केव्हलार नावाच्या मजबूत धाग्याच्या दोरीची तार, फायबरफिक्स नावाने येते, दोरी हबच्या भोकातून ओवायची आणि तिचं आट्याचं टोक असलेल्याच निपलमध्ये फिरवायचं, कॅसेटला हातही लावावा लागत नाही. तिसरा मला सगळ्यात जास्त आवडतो कारण तो बिनपैशाचा आहे. मापापेक्षा सेंटिमीटरभर लांब तार घ्यायची, डोकं कापून टाकायचं आणि त्या टोकाला पकडीने दोन उलटसुलट वाक देऊन हुक करायचा, हा हुक हबच्या भोकात बाहेरूनच अडकतो. मात्र हे घरी करून, एकदा बसवून, आपल्या चाकाला जुळतं ना ते बघूनच सोबत घ्या. ही काही कायमची दुरुस्ती नाही, मोठं गाव येईपर्यंत माणसाला चालतं ठेवते.

बसवायचं कसं तेही थोडक्यात लिहितो. ब्रेक मोकळा करा, तुटलेला तुकडा निपलमधून फिरवून काढा, नवीन तार त्याच बाजूच्या शेजारच्या तारा जशा विणल्यात तशीच घाला. पाना टायरच्या बाजूने बघून घड्याळाच्या दिशेने फिरवला की तार आवळते, सायकल उलटी ठेवून चाकाच्या आतून बघितलं की हेच उलटं दिसतं आणि घाईत हमखास चुकतं. अर्धा-अर्धा फेरा फिरवायचा, चाक फिरवून बघायचं, परत अर्धा. आणि तारच नसली, तर तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळून बांधा आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या, म्हणजे विरुद्ध कडेहून येणाऱ्या तारा थोड्या ढिल्या करा, चाक बऱ्यापैकी सरळ होतं. डिस्क ब्रेकवाल्यांना एक सांगतो, तुमचं चाक आऊट झालं तरी ब्रेकला घासत नाही त्यामुळे कळतच नाही, म्हणून रोज सकाळी निघताना एकदा चाक फिरवून बघा.

काही जण म्हणतील ग्रुपबरोबर गाडी असतेच. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी जाते तशा मोठ्या ग्रुपमध्ये असेलही, पण दोघं-तिघं मिळून निघालेल्यांचं काय? १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले, त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परत आले, त्यांच्या मागे कुठली गाडी होती? आणि पूर्वी निदान गावोगावी मिस्त्री होते. मी लहान असताना आमच्या पेठेत तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकानं होती, तिथे कोपऱ्यात बसून आऊट काढणारा माणूस नुसत्या नजरेने चाक सरळ करायचा आणि मी तासन् तास बघत बसायचो, थोडंफार येतं ते तिथलंच. आता रस्त्याकडेचे पंक्चरवाले मोटरसायकलची कामं करतात, आणि मोटरसायकलींनाही अलॉय चाकं आली, तारांचं काम हातात असलेली माणसं म्हातारी झाली. हेदवीच्या वाटेवरच्या त्या आजोबांनंतर तिथे कोणी बसलंय का, मला माहीत नाही.

म्हणून दोन विनंत्या. सायकल विकणाऱ्यांनी सायकलबरोबर मागच्या-पुढच्या तारांची मापं बिलावर लिहून द्यावीत आणि चार तारा द्याव्यात, पैसे घ्या, आम्ही आनंदाने देऊ. आणि तुम्ही पुढच्या रविवारी त्याच चौकटीत "चार तारा, चार निपल, एक पाना" एवढी एक ओळ वाढवून छापावी, ख्रिसमसच्या सुट्टीत निघणाऱ्यांना अजून तारा शोधायला वेळ आहे.

आपला,
एक सायकलस्वार वाचक, पुणे