ब्लेड खाली ठेव आधी

प्रिय बंड्या,

कंद कापून त्याच्या तुकड्यांपासून बाटलीत रोपं करायची, म्हणजे टिश्यू कल्चर करायचं, हा तुझा मेसेज वाचला आणि तोंडातून पहिलं आलं ते, थांब रे बाबा! एकच कंद आहे ना तुझ्याकडे? मग कापायच्या आधी माझं ऐक.

तू वाचलंयस ते खरंय, कंद उभा चिरायचा, मग दोन-दोन खवले (कंदाचे मांसल थर) बुडाच्या चकतीच्या तुकड्यासकट सुटे करायचे. डॅफोडिलसारख्यांत नवीन कोंब खवला आणि चकतीच्या सांध्यातच फुटतो, चकती सुटली की तुकडा बहुतेक वाया. (लिली बिनधास्त, तिच्या नुसत्या खवल्यालाही पिल्लं येतात.) पण कंद जन्मभर मातीत असतो रे, बॅक्टेरिया खवल्यांच्या आतपर्यंत बसलेले असतात, वरून कितीही धू. माझ्या पहिल्या बॅचच्या 40 बाटल्या होत्या, 70 टक्के अल्कोहोल, मग ब्लीच, मग तीनदा निर्जंतुक पाणी, सगळं पोथीप्रमाणे केलं आणि नवव्या दिवशी तुकड्यांच्या बुडाशी दुधट ढग. 9 वाचल्या. काहीजण कंद आधी 54 अंशाच्या पाण्यात तासभर ठेवतात, फरक पडतो, पण पारा जरा वर गेला की कंदच शिजला, एकुलत्या एकावर हा प्रयोग नको.

म्हणून म्हणतो, फुलाचा दांडा घे. कोवळा, कळ्या आवरणात बंद असतानाच. तो जमिनीच्या वर असतो म्हणून बराच स्वच्छ, आणि कळ्यांचे देठ दांड्याला जिथे जुळतात तिथल्या तुकड्यांना बीएपी आणि एनएए ही वाढीची संप्रेरकं दिली तर कोंब येऊ शकतात. नाही आले तरी एका वर्षाचं फूल गेलं, कंद तर कुंडीत शाबूत.

मीडिया, म्हणजे बाटलीतलं पोषक खाद्य, नेहमीचाच, 1962 चा मुराशिगे-स्कूग कृतीचा, पीएच 5.8, ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेत निर्जंतुक करणं) 121 अंशाला. साखरेत मात्र कंजूषपणा नको. लिटरला 30 ग्रॅमवर माझी पानं गवतासारखी माजली आणि कंद गव्हाच्या दाण्याएवढेच, शेवटच्या टप्प्याला 60 वर नेलं तेव्हा कुठे फुगले.

रोपं बाटलीतून बाहेर काढताना आगर (मीडियाची जेली) नीट धू, साखर राहिली की बुरशी आलीच. पानं माना टाकतील, टाकू दे, त्यांच्यावर मेणाचा थरच धड नसतो, पण खाली कंद टणक असेल तर घाबरू नकोस. लिली असेल तर काही आठवडे 5 अंशाच्या आसपास फ्रिजमध्ये ठेवावी लागते, नाहीतर ती आपली झोपूनच राहते. फुलाला तरीही काही वर्षं लागतात हं, त्यात शॉर्टकट नाही.

आणि हो, आधी व्हायरस टेस्ट कर. पानावर पिवळे पट्टे आहेत म्हणालास ना मागे? ते तसंच राहिलं तर शंभर रोपं म्हणजे शंभर आजारी रोपं.

दांडा वर दिसला की लगेच फोन कर, कळ्या आवरणातून बाहेर पडायच्या आत.

तुझाच,
नाना