जपानी जेवणाचे शब्द क्रियापदांतून शिकवा

महोदय,

जपानीच्या प्राथमिक वर्गांत जेवणाचे शब्द बहुधा यादी देऊन पाठ करवून घेतात. 'हाशी' म्हणजे जेवायच्या काड्या, एवढ्याने परीक्षेत गुण मिळतात. पण जपानी माणसाबरोबर जेवायला बसल्यावर त्या काड्यांचे काय करायचे नाही, हे कळत नाही.

काड्या चुकीच्या वापरण्याच्या अनेक प्रकारांना जपानीत नावे आहेत आणि त्यांतली बरीच क्रियापदांवरून पडली आहेत. 'सासु' म्हणजे टोचणे. बटाट्याची फोड काडीने टोचून उचलली की ती 'साशिबाशी'. 'मायोउ' म्हणजे काय करावे ते न सुचणे. काय घ्यावे ते न ठरवता काड्या या वाटीवरून त्या वाटीवर फिरवणे म्हणजे 'मायोइबाशी'. 'योसेरु' म्हणजे जवळ ओढणे. काडीने वाटी ओढली की 'योसेबाशी'. क्रियापदाच्या 'मासु' रूपातला, म्हणजे 'साशिमासु'सारख्या आदरार्थी रूपातला, 'मासु' काढायचा आणि 'हाशी' जोडायचे. जोडताना 'हा'चा 'बा' होतो. शब्द, व्याकरण आणि रीत एकदमच शिकून होते.

दोन गोष्टींचे कारणही सांगावे. भातात काड्या उभ्या खोचत नाहीत, कारण तसा भात मृताच्या उशाशी ठेवतात. काडीतून काडीत घास देत नाहीत, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. कारण कळले की नियम विसरत नाही.

कांजीत, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षरांत, नेमकी चूक होते ती अशी. 'खाणे'ची कांजी 9 रेघांची. दुसऱ्या कांजीत डाव्या अंगाला बसली की ती आकसून 8 रेघांची होते. उजवीकडे आ वासलेल्या माणसाची 4 रेघांची खूण आली की 'नोमु', म्हणजे पिणे, एकूण 12. विद्यार्थी डावीकडे अख्ख्या 9 रेघा काढतात, मग रेघा मोजून कोशात शोधायला जातात आणि कांजी सापडत नाही. हे 'नोमु' मिसो सूपलाही (आंबवलेल्या सोयाबीनच्या सूपलाही) लागते, औषधाच्या गोळीलाही.

आणि कृपया अर्थ मराठीतून सांगा. शेतातली साळ ती 'इने', कच्चा तांदूळ तो 'कोमे', शिजलेला भात तो 'गोहान'. आपल्याकडे तिन्हींना वेगळे शब्द असताना इंग्रजीतून शिकवून तिन्हींचा 'राईस' का करायचा? 'गोहान'चा दुसरा अर्थ जेवण. म्हणून सकाळचे 'आसागोहान', रात्रीचे 'बानगोहान'.

– जपानीची एक शिक्षिका, पुणे