देवगडात उणे ४० अंश: कुणकेश्वरच्या काकांना जाहीर आभारपत्र

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या तुमच्या पडवीसमोर गाड्यांची रांग लागेल आणि काकू मला सोडणार नाहीत. एसटीच्या डेपोत जन्मभर वायरिंग केलेले आणि आता कुणकेश्वरच्या बाजूला माडांना पाणी लावणारे काका, एवढं पुरे.

आमच्या गाडीने काय मांडलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. २००६ची पेट्रोल गाडी, एमएच-०७. एप्रिलात आंब्याच्या पेट्या नांदगाव तिठ्यावर पोचवायची आणि परतताना गरम इंजिनावर सुरू व्हायला नखरे करायची. मागून काळा धूर, टाकी बघता बघता खाली, मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा. एका गॅरेजात प्लग बदलले, दिवा जागचा हलला नाही. दुसऱ्या खेपेला ऑक्सिजन सेन्सर बदलला, ३,८०० रुपये. दिवा चार दिवस गेला आणि पाचव्या दिवशी मिठबावच्या अलीकडे पुन्हा लागला. मशीन लावून बघा म्हटलं, तर "जुनी गाडी आहे, तिला मशीन लागत नाही" असं उत्तर. त्या रात्री रागाच्या भरात मीच स्कॅनर, म्हणजे गाडीला जोडून बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र, घ्यायचं ठरवलं.

तुमच्याकडे आलो तेव्हा मोबाइलवर दोन वस्तू निवडून ठेवल्या होत्या. एक साडेचारशेचा निळा ब्लूटूथ ठोकळा, दुसरा गॅरेजवाले वापरतात तसला टॅबलेट, अडतीस हजारांचा. दोघांवरही झोकात लिहिलेलं, '१९९६ नंतरच्या सर्व गाड्यांना चालतो'. कुठला घेऊ, एवढंच विचारायचं होतं. तुम्ही मोबाइलकडे बघितलंसुद्धा नाहीत. म्हणालात, "आधी गाडीक इचार, ती खंयची भाषा बोलता. मगे दुकानात जा."

मग सत्तरीच्या वयात तुम्ही दार उघडून, पाय बाहेर ठेवून, स्टिअरिंगखाली उताणे झालात. माझ्या हातात टॉर्च, तुमच्या हातात खराट्यातली एक हीर. सोळा भोकांचं ते सॉकेट मी अठरा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. वर आठ, खाली आठ. हिरीचं टोक एकेका भोकावर ठेवत तुम्ही मला मोजायला लावलंत. ४ आणि ५ म्हणजे अर्थिंग. १६ म्हणजे थेट बॅटरीचा प्लस. ६ आणि १४ रिकामे, आत पितळच नाही, म्हणजे या गाडीत या सॉकेटावर कॅन, नव्या गाड्यांची भाषा, नाही. ७ मध्ये मात्र पिन चमकली. "ही के-लाइन. तुझी गाडी जुनी भाषा बोलता." ९ मध्येही एक पिन होती. ती कंपनीच्या स्वतःच्या कामाची, आपल्याला तिच्याशी कर्तव्य नाही, म्हणालात.

'१९९६'चा उलगडाही तिथेच झाला. तो अमेरिकेचा कायदा: गाडीने आपला बिघाड या सॉकेटातून सांगायची सक्ती, म्हणजे ओबीडी. युरोपात पेट्रोल गाड्यांना हे २००१ला लागू झालं. आपल्याकडे ओबीडीची सक्ती एप्रिल २०१०ला बीएस-४ या धुराच्या नियमातल्या गाड्यांपासून सुरू झाली आणि ओबीडी-२ एप्रिल २०१३ला आलं. त्यातही २०१०चं बीएस-४ मोजक्या मोठ्या शहरांपुरतं होतं, सगळ्या देशात ते २०१७ला आलं. म्हणजे २०१२ची एमएच-०७ गाडी बीएस-३ असू शकते, आणि माझी २००६ची तर सॉकेट असूनही कुठल्याच नियमाला बांधलेली नाही. खोक्यावरचं वाक्य खोटं नव्हतं, फक्त आपल्या गावचं नव्हतं.

निळ्या ठोकळ्याबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते दुकानदार सांगत नाही. त्याच्यावर 'ईएलएम ३२७' लिहिलेलं असतं. मूळ चिप कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची, ती कंपनी २०२२मध्ये बंद झाली. बाजारात ढिगाने मिळतात त्या बहुतेक नकला. नव्या गाडीच्या कॅनवर त्या बऱ्या चालतात, पण स्वस्त नकलांपैकी कित्येकांना के-लाइनवरच्या आयएसओ ९१४१-२ आणि केडब्ल्यूपी २००० या दोन बोल्या धड येत नाहीत, आणि मला नेमक्या त्याच हव्या होत्या. शिवाय १६ नंबरला चावी बंद असतानाही वीज असते. ठोकळा तसाच लावून ठेवला आणि पावसाळ्यात गाडी पंधरा दिवस शेडखाली राहिली, की बॅटरीचे बारा. (भावाच्या आयफोनवर तो स्वस्त ब्लूटूथवाला जोडलाच जात नाही, हे मला नंतर कळलं. बरं झालं घेतला नाही.)

अडतीस हजारांच्या टॅबलेटवर तुम्ही फक्त हसलात. एबीएस नाही, एअरबॅग नाही, तर एवढं मशीन वाचणार काय?

आणि मग कपाटातून तुमचा स्वतःचा, टेप गुंडाळलेला, वायरवाला छोटा स्कॅनर काढून दिलात. "आठ दिवस वापर. मगे ठरव." काका, हे पत्र खरं तर या एका वाक्यासाठी आहे. स्वतःचं हत्यार असं कोण कुणाला देतं? डेपोतला माणूस तर पानासुद्धा देत नाही, हे तुम्हीच सांगितलेलं.

जोडल्यावर कोड आला पी०११८, इंजिनाच्या तापमानाच्या सेन्सरचा. मी लगेच पुसायच्या बटणाकडे बोट नेलं आणि तुम्ही हातावर चापट मारलीत. आधी कागदावर लिही, पुसलास की पुरावा गेला. मग लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे, उघडलात. इंजिनाचं तापमान: उणे ४०. मे महिना, दुपारचे दोन, बॉनेटवर हात ठेववत नव्हता, आणि गाडीच्या मते देवगडात बर्फ पडत होता! सेन्सरची तार तुटली किंवा पिन सुटली की आकडा तळाला जाऊन बसतो, तो तळ उणे ४०. इंजिन थंडगार आहे असं समजून बिचारी जास्त पेट्रोल ओतत होती. म्हणून धूर, म्हणून गरम असताना सुरू व्हायचा त्रास. ऑक्सिजन सेन्सरचा यात काही दोष नव्हता.

मी म्हटलं, मग हा सेन्सर बदलू. तुम्ही मला स्क्रीन धरून बसवलंत आणि बॉनेटखाली त्याची वायर नुसती बोटाने हलवलीत. उणे ४०. उणे ४०. ८४. पुन्हा उणे ४०. कपलर उघडला तर पितळेच्या भांड्यात आंबट राहिलं की कळकतं तसा हिरवा थर. खारा वारा. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर अठरा वर्षं उघड्यावर उभी राहिलेली गाडी, दुसरं काय होणार? तुम्ही पिन घासली, एक नवी दाबून बसवलीत, वर थोडं ग्रीस. खर्च चाळीस रुपये, तेही मी बळेच दिले. नुसता कोड दाखवणारं यंत्र असतं तर मी तिसरा सेन्सर घेऊन आलो असतो.

आठ दिवसांनी मी माझा घेतला. वायरवाला, हातात धरायचा, अडीच हजारांच्या आतला. घेण्याआधी विक्रेत्याला तीनच प्रश्न विचारले: के-लाइनच्या दोन्ही बोल्या येतात का, लाइव्ह डेटा दिसतो का, आणि माझ्या गाडीला लागला नाही तर परत घेणार का. पहिल्या दोघांनी तिसऱ्या प्रश्नाला फोन ठेवला. तिसऱ्याकडून घेतला. त्याला फोनची गरज नाही, ॲपची गरज नाही, घाटात रेंज नसली तरी चालतो.

रविवारी पेटी घेऊन येतोय. पैसे नाकारलेत, आंबे नाकारू नका, काकूंना मी आधीच सांगून ठेवलंय. सोबत शेजारचा आहे, त्याची २०१२ची डिझेल आणि त्याच्या मोबाइलवर निवडून ठेवलेला तोच निळा ठोकळा. हीर मी घेऊन येतो. चारनंतर येऊ, तुमची झोप झाली की.

तुमचा,
मिठबावचा आंबेवाला