कुरामाच्या अग्नि-उत्सवातील सोबतीबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव छापू नये असे तुम्ही बजावल्यामुळे ते येथे लिहीत नाही; पण 22 ऑक्टोबरला क्योतोजवळच्या कुरामा गावात तुम्ही आमच्यासाठी जे केलेत, त्याचे आभार चारचौघांतच मानावेत असे वाटले.

मशाली संध्याकाळी सहाला पेटतात, मग देमाचियानागी स्टेशनावरून दुपारी तीनलाच का निघायचे, अशी हुज्जत मी घातली होती. अंधार पडल्यावर एकेक गाडी खच्चून भरून येऊ लागली, तेव्हा मी गप्प झालो. गावचा रस्ता एकच आणि तोही अरुंद, त्यामुळे पोलीस कोणाला एका जागी उभे राहू देत नव्हते. तीन-चार जणांनी मिळून पेललेली मोठी मशाल ‘साइरेया, साइर्यो’च्या गजरात जवळून गेली आणि बाबांच्या शालीवर ठिणगी पडली. “काका, हलू नका,” म्हणत तुम्ही ओल्या रुमालाच्या चिमटीत ती विझवलीत. शेंगदाण्याएवढ्या भोकावर निभावले.

पुढे बाबांचे गुडघे बोलू लागले, तेव्हा “तू थांब, काकांना मी नेते,” एवढेच सांगून तुम्ही त्यांना घेऊन परतलात. इतकी वर्षे क्योतोत राहूनही पालख्या उतरताना तुम्ही पाहिलेल्या नाहीत, हे मला बाबांकडून नंतर कळले आणि फार ओशाळल्यासारखे झाले. म्हणून निदान वर्णन तरी कळवतो.

मशाली देवळाच्या पायऱ्यांपाशी दाटीने जमल्या, गवताचा पवित्र दोर तोडला गेला आणि युकी देवस्थानाच्या दोन पालख्या खाली निघाल्या. इ. स. 940 मध्ये राजवाड्यातून हा देव कुरामात आणला, त्या मिरवणुकीची ही आठवण, हे तुम्हीच गाडीत सांगितले होते. पुढच्या दांड्यांना दोन तरुण पाय हवेत फाकवून उलटे लटकले होते; वयात आल्याचा तो विधी म्हणे. मागे मात्र पालखी वेगाने घसरू नये म्हणून गावच्या बायका दोर ताणून धरत होत्या. त्या दोराला हात लावल्यास बाळंतपण सुखाचे होते, अशी समजूत आहे. मला सर्वांत भावल्या त्या बायकाच.

तुमचा रुमाल माझ्याकडेच राहिला आहे. धुऊन टपालाने पाठवत आहे. काजळीचा डाग मात्र दोनदा साबण लावूनही निघाला नाही, त्याबद्दल क्षमस्व.

आपला कृतज्ञ,
शालवाल्या काकांचा मुलगा