ममीचे कापड सुती नव्हे

मा. संपादक,

प्राचीन इजिप्तमधल्या ममीला, म्हणजे सुकवून जतन केलेल्या मृतदेहाला, 'सुती पट्ट्या' गुंडाळत, असे अनेकदा छापून येते. चादरींच्या सोलापुरात तरी ही चूक नको! ते कापड जवसाच्या जातीच्या खोडातून काढलेल्या धाग्याचे, म्हणजे लिननचे. बरेचदा घरातलीच जुनी वस्त्रे फाडून पट्ट्या करत. त्याआधी आतडी, फुप्फुसे काढून (हृदय बहुधा आतच ठेवत) देह सुमारे 40 दिवस नॅट्रॉन क्षारात सुकवत. सारा विधी 70 दिवसांचा.

आपल्याला जवळची ममी हैदराबादच्या राज्य संग्रहालयात आहे. दमट हवेत अशा कापडाला बुरशी धरते, अति कोरड्या हवेत धागा ठिसूळ होतो. ऑक्सिजन काढून नायट्रोजन भरलेल्या पेटीत कीड जगत नाही. मुलांना जरूर न्यावे. पण तो माणसाचा देह आहे, हे आधी सांगावे.

– एक वाचक, सोलापूर