पंद उन्हाळ्यातही जमिनीत असते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भाद्रपदात कासच्या पठाराची जांभळी-गुलाबी छायाचित्रे सर्वत्र झळकतात. त्याच दिवसांत सह्याद्रीच्या उतारांवर पांढरीशुभ्र फुलणाऱ्या पंदीचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. गाजर, कोथिंबीर, ओवा यांच्या कुळातली ही वनस्पती पश्चिम घाटाची प्रदेशनिष्ठ आहे, म्हणजे फक्त तिथेच आढळते. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी १८५० मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि १९८६ मध्ये तिच्यासाठी ‘पिंडा’ ही स्वतंत्र प्रजाती (जीनस) मांडण्यात आली. तिचा फुलोरा खाली बसून पाहावा असा असतो. मधली फुले अगदी बारीक. कडेच्या फुलांची बाहेरच्या अंगाची पाकळी मात्र मोठी आणि दुभंगलेली, त्यामुळे अख्खा गुच्छच एक फूल भासतो.

पाऊस सरला की तिची जमिनीलगत पसरलेली पाने आणि दांडा वाळून जातात, चपटी फळे गळतात आणि मातीखाली केवळ कंद जिवंत राहतो, ज्याला पुढच्या पावसात पुन्हा पाने फुटतात. नेमक्या याच काळात, म्हणजे उन्हाळ्यात, डोंगरात जेसीबी चढतो. मुरूम उपसायचा असो, रिसॉर्टचा रस्ता काढायचा असो की वाहनतळ करायचा असो, तेव्हा उतार उघडाबोडका दिसतो आणि सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ (लागवडीस अयोग्य जमीन) अशी नोंद असली म्हणजे तिथे राखण्यासारखे काही नाही, असे सगळेच गृहीत धरतात. वीतभर माती खरवडली की कंदही जातो आणि मातीत पडलेले बीही. पर्यटकांच्या फुले तोडण्यावर आपण बरेच बोलतो (आणि ते थांबलेच पाहिजे), पण या खरवडण्यापुढे ते नुकसान किरकोळ आहे, असे माझे मत आहे.

२०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारसा ठरवली, त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार आहेत. पंदीचे अनेक उतार मात्र त्या हद्दींबाहेर, खासगी वरकस (हलक्या, डोंगरउताराच्या) जमिनींत आहेत. तेव्हा डोंगरउतारावरील उत्खननाला परवानगी देण्यापूर्वी महसूल विभागाने त्या जागेची पाहणी श्रावण-भाद्रपदात, वनस्पती ओळखणाऱ्या व्यक्तीला सोबत घेऊन करावी आणि उन्हाळ्यातील पाहणीवर विसंबलेला अहवाल ग्राह्य धरू नये, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, सातारा