कारणाचा रकाना

निपाणी,
रविवार रात्र

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. पुण्याहून येताना निपाणी येईपर्यंत तू खिडकीबाहेर बघत बसला होतास, तेव्हाच ओळखलं होतं की असं काहीतरी येणार. 'रेसमध्ये जिंकायची सिस्टिम दे' म्हणतोस. लेका, माझ्याकडे सिस्टिम असती तर तंबाखूच्या वखारीत दिवाणजी म्हणून जन्म काढला असता काय? वही मात्र आहे. तिच्याबद्दल लिहितो.

आधी तू रेसकोर्सवर घालवलेल्या सहा हजारांचं. त्यातले साडेचार शेवटच्या दोन शर्यतींत गेले. मी शेजारीच उभा होतो. पाचव्या शर्यतीपर्यंत तू तीनशेच्या वर गेला नव्हतास. मग तुझ्या अंगात आलं. "काय करालास?" म्हणून मी दंड धरला, तर हात झटकून खिडकीकडे गेलास. राग नाही, मीही त्यातूनच गेलोय.

वही म्हणजे वखारीत असते तसलीच, लाल बांधणीची, लांबट. रकाने आखलेत: तारीख, घोडा, अंतर, पाठीवरचं वजन, माझा भाव, बोर्डावरचा भाव, लावले, आले. शेवटचा रकाना सगळ्यांत रुंद, त्याचं नाव 'कारण'. पहिल्या सीझनची पानं उघडली की आजही कान लाल होतात. 'पेपरात तिघांनी दिलाय.' 'रांगेत पुढचा माणूस लावत होता.' एका ठिकाणी नुसतं 'पांढरा' एवढंच. पांढरा घोडा दिसला, आवडला, लावले. सीझन संपल्यावर एका रात्री बसून कारणवार बेरीज मांडली. 'मागचं भरून काढायचं' या एका कारणाखाली जेवढे बुडाले होते, तेवढे बाकी सगळ्या कारणांचे मिळूनही नव्हते. ती बेरीज तेव्हा मला जुलाबाची गोळी वाटली, पण लागू पडली. त्या दिवसापासून नियम एकच: घरून निघताना पाकिटात ठेवलेली रक्कम संपली की मी चहाच्या टपरीवर, आणि एका पैजेला त्या रकमेच्या विसाव्या हिश्श्याच्या वर नाही. जिंकत असलो तरी नाही. हरत असताना तर नाहीच.

आता 'माझा भाव' हा रकाना. हा मी वखारीत शिकलो. आमचे शेठ तंबाखूचं पान चुरायचे, नाकाशी न्यायचे, आणि शेतकऱ्याने आकडा सांगायच्या आत चिठ्ठीवर आपला आकडा लिहून चिठ्ठी टोपीत ठेवायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "दिवाणजी, त्याचा आकडा एकदा कानात शिरला की माझा आकडा माझा राहत नाही." रेसकोर्सवर अगदी हेच होतं. बोर्डावर घोड्याला दीडाचा भाव (जिंकला तर रुपयाला दीड रुपया नफा, आपला रुपया वेगळा परत) दिसला की आपल्यालाही तो जिंकणारच वाटायला लागतो. म्हणून बोर्डाकडे पाठ करून मी शर्यतीच्या पुस्तकावरून आधी आकडे टाकतो: हा पाचात एकदा जिंकेल, हा दहात एकदा. मग वळून बघतो. पाचात एकदाचा घोडा चाराच्या भावाने बरोबर. सहाचा मिळाला तर विचार करायचा, तीनाचा असेल तर तो कितीही देखणा असो, सोडायचा. बहुतेक दिवशी आठ शर्यतींत एखादीच पैज लागते. तुला कंटाळा येईल. येऊ दे.

बुकीचं गणित एकदा बोटांवर करून बघ. समज पाच घोडे आहेत, भाव दीड, दोन, चार, सहा आणि नऊ. भावात एक मिळवून त्याने शंभराला भागलं की त्यांच्या शक्यता निघतात शंभरात 40, 33, 20, 14 आणि 10. बेरीज 117. खरी शक्यता तर शंभरच. वरचे सतरा ही त्याची दुकानदारी. टोटमध्ये, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करणाऱ्या क्लबच्या खिडकीवर, क्लब आधी आपला हिस्सा कापतो आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतो. तिथे शेवटचा भाव घोडे सुटल्यावरच पक्का होतो, बुकीकडे मात्र चिठ्ठीवर लिहिला तो लिहिला. तुमच्या गल्लीतल्या त्या फोनवर पैजा घेणाऱ्याकडे तर फिरकूच नकोस. तो बेकायदा आहे, आणि जिंकलास तर फोन उचलणार नाही.

घोडा कसा बघायचा, विचारलंयस. हे मला फार येत नाही, पण पॅडॉकला, शर्यतीआधी घोडे फिरवतात तिथे, उभा राहतोच. मोतद्दार घोडा फिरवत असतो तेव्हा मागच्या मांड्यांमध्ये साबणासारखा फेस आलाय का ते बघतो. पळण्याआधीच एवढा घामाघूम झालेला घोडा मी सोडतो. तुझे आजोबा जत्रेतल्या बैलाचं तोंड न बघता आधी खूर बघायचे, आठवतंय ना? पुण्याचा सीझन पावसाळ्यातला, त्यामुळे जमीन किती मऊ आहे ते पेनिट्रोमीटर नावाच्या मापकाने मोजून आकडा जाहीर करतात. हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीच्या कोरड्या ट्रॅकवर उडालेला घोडा पुण्याच्या चिखलात रडतखडत पळताना मी पाहिलाय. शिवाय हँडिकॅप. जिंकत आलेल्याच्या पाठीवर जास्त वजन. म्हणून 'मागच्या खेपेला जिंकला' हे कारण माझ्या रकान्यात अर्धंच धरतो.

तू नेहमी तोंडावर फेकतोस की सुप्रीम कोर्टाने 1996 ला घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवलाय. मान्य. पण त्यात तुझं कौशल्य किती, हे कोर्टाने सांगितलेलं नाही. आणि सरकारचा वाटा विसरू नकोस. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 28 वरून 40 टक्के झालाय, तोही जिंकलेल्यावर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर. चारात एकदा जिंकेल असा घोडा तुला चाराच्या भावाने मिळाला, म्हणजे माझ्या वहीप्रमाणे सोनंच, तरी शंभर लावून सरासरी सव्वाशे परत येतात आणि खर्च एकशे चाळीस. त्यावर एका वेळी दहा हजारांच्या वर जिंकलास तर 30 टक्के कापूनच हातात देतात, आणि हरलेले त्यातून वजा करता येत नाहीत.

म्हणून खरं सांगू? यंदा मी बहुतेक पैजा नुसत्या वहीत लावतोय. 'लावले' समोर शून्य, पण भाव आणि कारण नेहमीसारखं. आज दुपारीच चौथ्या शर्यतीत वहीतला घोडा नऊच्या भावाने आला. सौ. म्हणाली, "हसताय कशाला एकटेच?" काय सांगणार?

येत्या बुधवारी एसटीने माणूस बेळगावला येतोय, त्याच्याबरोबर तुझ्यासाठी एक वही आखून पाठवतो. पन्नास शर्यती त्यात लिही, पैसे न लावता, आणि वही घेऊन ये. परत येणाऱ्याकडे कुंदा द्यायला विसरू नकोस, मागच्या खेपेला विसरलास. वहिनींना नमस्कार, त्यांना सहा हजारांचं कळलंय की नाही ते तेवढं कळव, म्हणजे घरी आल्यावर मी काही बोलून बसणार नाही.

तुझा,
दिवाणजी